ज्या घरात विमान बांधलं जातंय, त्या घरासाठी

तुमच्या घरात एखादं पोरगं मोटरसायकलचं इंजिन खोलून बसलेलं असेल. मागच्या पडवीत लोखंडी पाइप, वेल्डिंगच्या कांड्या, ॲल्युमिनियमचे पत्रे साठत असतील. विचारलं तर म्हणत असेल, "विमान बनवतोय." त्याला हसू नका. रागावूही नका. आधी हे वाचा आणि मग त्यालाही वाचायला द्या.

आपल्या वर्ध्याच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यात, फुलसावंगी नावाचं गाव आहे. तिथला चोवीस वर्षांचा एक तरुण वेल्डिंगचं काम करायचा. शाळा आठवीतच सुटलेली. इंटरनेटवरचे व्हिडिओ बघत, दोन वर्षं खपून त्याने एक हेलिकॉप्टर उभं केलं. इंजिन मारुती 800 चं. 15 ऑगस्टला ते गावासमोर उडवायचं असं त्याच्या मनात होतं. 10 ऑगस्ट 2021 च्या रात्री त्याने ते जमिनीवरच चालू करून पाहिलं. शेपटीकडचा पंखा तुटला आणि वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला. मोठ्या पंख्याचं पातं त्याच्या डोक्याला लागलं. तो गेला. हेलिकॉप्टर जमिनीवरून उठलंही नव्हतं.

बहुतेक घरांना वाटतं, धोका वर आभाळात आहे. "उडवू नकोस, नुसतं चालू करून बघ," असं आई-वडीलच सांगतात. पण पंखा फिरायला लागला की धोका अंगणातच उभा असतो. म्हणून अंगणातल्या कामाबद्दल मी जरा सविस्तर सांगतो.

दीड मीटर लांबीचा पंखा मिनिटाला अडीच हजार फेरे घेत असेल, तर त्याची टोकं ताशी सातशे किलोमीटरच्या वेगाने फिरत असतात. त्या वेगाने सुटलेला तुकडा कुठल्याही हेल्मेटला जुमानत नाही. पंख्याला तडा असेल, वजन दोन्ही बाजूंना सारखं नसेल किंवा एखादा बोल्ट सैल असेल, तर तो तुकडा सुटू शकतो. आणि सुटला की तो पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत, म्हणजे बाजूला, फेकला जातो. त्यामुळे पंख्याच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही. अगदी मिनिटभरसुद्धा नाही. बघणाऱ्यांनी मागे, लांब उभं राहायचं. दोरी बांधा. दोरीच्या आत फक्त दोघं. लहान पोरं घरात. ओढणी, उपरणं, सैल शर्ट अंगावर नको.

चाकांना पुढून-मागून ओंडके लावा. शेपटी मजबूत खांबाला किंवा झाडाला जाड दोराने बांधा. इंजिन बंद करायचं बटण हाताच्या अंतरावर हवं. लांबून बंद करता येईल असं दुसरं बटणही हवं, आणि ते दुसऱ्या माणसाच्या हातात. आग विझवायचं नळकांडं जवळ ठेवा. वाळूची बादलीही ठेवा. इंजिन बंद असलं तरी पंखा हाताने फिरवताना तो जिवंत आहे असंच समजा. गरम इंजिन एका ठिणगीनेही अचानक पेटतं आणि बोटं जातात.

पहिल्या चाचण्या यंत्रात माणूस न बसवता करा. बांधून ठेवलेलं यंत्र लांबून चालवा. पाच मिनिटं चालवून बंद करा. सगळे जोड हाताने तपासा. मग दहा मिनिटं. पुन्हा तपासा. हे कंटाळवाणं आहे, पण कंटाळ्याने आजवर कोणाचा जीव घेतलेला नाही.

रात्री चालू करू नका. दिवसभर काम करून थकलेला माणूस विजेच्या दिव्याखाली तडा बघू शकत नाही. एकट्यानेही चालू करू नका. पंख्याच्या जखमेत माणूस काही मिनिटांतच रक्ताने रिकामा होतो. सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयापर्यंत त्याला नेणारं कोणीतरी, गाडीत पेट्रोल भरून, तिथे हजर हवं.

आता गावकऱ्यांनाही एक विनंती. पोराच्या मागे तारखेचा लकडा लावू नका. 15 ऑगस्टला उडव, 26 जानेवारीला उडव, साहेब येणार आहेत, पत्रकार येणार आहेत. तारीख ठरली की माणूस तपासणी सोडतो. यंत्र तयार झालं की उडेल, असंच म्हणा. मोबाइलवर शूटिंग करायला गर्दी करण्यापेक्षा त्याला विचारा, "हा बोल्ट कोणी तपासला?" या एका प्रश्नाने त्याचं अधिक भलं होईल.

आपलं काम आपल्याला बरोबरच दिसतं. म्हणून दुसरे डोळे हवेत. अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्या हौशी लोकांची संघटना 1953 पासून चालू आहे. तिथले अनुभवी लोक बांधणाऱ्याच्या घरी जाऊन काम टप्प्याटप्प्याने बघतात. कापड चढवून सांगाडा झाकण्याआधी येतात, कारण झाकल्यावर चूक दिसत नाही. आपल्याकडे ते काम कोण करेल? अभियांत्रिकी महाविद्यालयातले यंत्र विभागाचे सर, आयटीआयचे वेल्डिंगचे गुरुजी, हवाई दलातून निवृत्त झालेला एखादा तंत्रज्ञ. नागपूरला हवाई दलाच्या देखभाल विभागाचं मुख्यालय आहे. तिथून निवृत्त झालेली माणसं या भागात घरं करून राहिलेली आहेत. जा, पाया पडा, घरी बोलवा. जेवू घाला. ते "हे उडवू नको" म्हणाले, तर ऐका.

पहिलंच यंत्र हेलिकॉप्टर नको. हे मी ठासून सांगतो. विमानाचं इंजिन बंद पडलं तरी पंख काही वेळ त्याला तरंगत खाली आणतात. हेलिकॉप्टरमध्ये सगळा भार फिरत्या पात्यांवर असतो. प्रत्येक फेऱ्यात ती पाती वाकतात आणि सरळ होतात. अशा हजारो फेऱ्यांनी धातू थकतो, आणि तडा डोळ्याला दिसायच्या आधी तुटतो. फॅब्रिकेशनच्या दुकानात याची परीक्षा करायची सोय नसते.

विमान बांधायचंच असेल तर आधी उडवायला शिका. राइट बंधूंनी 1899 मध्ये पतंगासारखं यंत्र दोरीने उडवून सुरुवात केली. मग तीन वर्षं बिनइंजिनाच्या ग्लायडरवर हात बसवला. इंजिन लावून ते उडाले 17 डिसेंबर 1903 ला. म्हणजे इंजिनाच्या आधी त्यांना उडता येत होतं.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचं. त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी 2016 मध्ये ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली. 2019 मध्ये चाचणी-उड्डाणाचा परवाना मिळाला. मग 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी झाली. लोक गच्चीची गोष्ट सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. ते आधीपासून प्रवासी विमानांचे वैमानिक होते, आणि कागद हातात येईपर्यंत ते थांबले. कितीतरी वर्षं थांबले.

उडवण्याचं रीतसर शिक्षण महाग आहे, हे मला ठाऊक आहे. शिकाऊ परवाना सोळाव्या वर्षी मिळू शकतो, खासगी वैमानिकाचा सतराव्या वर्षी. त्यासाठी किमान 40 तासांचं उड्डाण लागतं. विदर्भात गोंदियाजवळ बिरसीला प्रशिक्षण चालतं. तेवढे पैसे नसतील तर विमान बांधण्याची घाईही नको. बँकेचं कर्ज काढून, वावर गहाण टाकून तर मुळीच नको.

आता सामानाबद्दल. भंगारातला पाइप फाटकाला चालतो, विमानाच्या सांगाड्याला नाही. आतून गंजलेला पाइप बाहेरून चकचकीत दिसतो. बाजारातला साधा बोल्ट किती ताण सोसेल, हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. जिथे जीव टांगलेला आहे तिथे विमानाचाच बोल्ट हवा, आणि त्याच्या नटला कॉटर पिन किंवा लॉकिंग वायर. पंख तयार झाल्यावर तो उलटा ठेवून वाळूची पोती रचा. उडताना येतो त्याच्या कित्येक पट भार टाका. किती, ते जाणकाराकडून हिशेबाने काढून घ्या. मोडला तर जमिनीवर मोडेल, हेच चांगलं.

तिन्ही चाकं वेगवेगळ्या काट्यांवर ठेवून वजन करा. वजन पुढे-मागे कुठे पडतं हे कळल्याशिवाय चाक हलवू नका. शेपटीकडे वजन जास्त पडलं, तर नाक वर जातं आणि कितीही कसबी वैमानिक असला तरी ते खाली आणता येत नाही.

पेट्रोल हा विषय लोक विसरतात. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कॅन महिनाभर पडून राहिला तर पाणी तळाशी बसतं आणि नेमकं तेच आधी इंजिनात जातं. जुन्या रबरी नळ्याही ते खातं. हलक्या विमानांत लोकप्रिय असलेल्या रोटॅक्स 912 इंजिनाच्या कंपनीची मर्यादा दहा टक्के इथेनॉलची आहे. म्हणून इंजिनाची पुस्तिका वाचा. प्रत्येक वेळी चालू करण्याआधी टाकीच्या तळातून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून बघा. तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर त्या दिवशी काम बंद.

आपल्या जिल्ह्याचं ऊन वेगळं. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की हवा पातळ होते. तेव्हा वर्ध्याच्या शिवारात यंत्राला हवा मिळते ती महाबळेश्वरच्या उंचीवरच्या हवेइतकी विरळ. पंख कमी उचलतात, पंखा कमी ओढतो, इंजिनाचा जोरही कमी. जानेवारीत तीनशे मीटरमध्ये उठणारं यंत्र मे महिन्याच्या दुपारी कुंपणापर्यंत उठतच नाही. त्यात दुपारच्या वावटळी. कुठलीही चाचणी सूर्य उगवल्यावर, वारा सुटण्याआधी, तासाभरात उरका.

वावर म्हणजे धावपट्टी नव्हे. आपली काळी माती पावसात चाकाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. कापूस निघाल्यावर उभ्या राहिलेल्या पराट्या चाकाला अडकतात आणि विमान नाकावर उलटतं. वर विजेच्या तारा, आणि कोवळ्या उन्हात त्या दिसतही नाहीत. समृद्धी महामार्ग रुंद आणि रिकामा दिसतो म्हणून त्याच्यावरही नजर जाते. त्यावर लोकांची घरची माणसं ताशी शंभरच्या पुढे येत असतात. तो विचार सोडा. पुलगावचं दारूगोळा भांडार आणि बोरचा व्याघ्र प्रकल्प, या दोन्हींकडे तर काहीही उडवत नेऊ नका.

कायदा तुमच्या विरोधात नाही, हे समजून घ्या. भारतात माणूस बसून उडणाऱ्या प्रत्येक यंत्राची नोंदणी आणि उडण्याची परवानगी लागते. ती देतं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, सगळे त्याला डीजीसीए म्हणतात. 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू आहे. परवानगीशिवाय उडवलं तर मोठा दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो. घरी हौसेने बांधलेल्या विमानासाठी वेगळी वाट आहे, पण ती पहिल्या पाइपापासून सुरू होते. काय विकत घेतलं, कुठून घेतलं, कोणी जोडलं, कोणी तपासलं, याची तारखेवार वही ठेवा. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. पावत्या जपा. बांधून झाल्यावर परवानगी मागायला गेलात, तर सांगाडा परत उघडा म्हणतील.

पोरगं शाळेत असेल तर त्याला माणूस न बसणारं छोटं विमान बांधू द्या. थर्माकोल, बाल्साचं लाकूड, छोटी मोटर. पंख का उचलतो, वजन कुठे ठेवायचं, हे सगळं त्यात शिकता येतं, आणि पडलं तर मोडतो तो थर्माकोल. ड्रोन नियम 2021 प्रमाणे 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशात आपला भाग हिरवा आहे का बघा. हिरव्या भागात 400 फुटांच्या आत, डोळ्यांसमोर उडवा. नोंदणी लागते का तेही बघा. 250 ग्रॅमच्या आतल्या यंत्राला नियम सौम्य आहेत. कॉलेजात गेल्यावर एनसीसीच्या हवाई शाखेची चौकशी करा.

आणि ज्याचा हात खरंच चांगला आहे, त्याला विमान देखभाल अभियंत्याच्या अभ्यासक्रमाची माहिती द्या. बारावीला भौतिक, रसायन, गणित लागतं. नागपूरला मिहानमध्ये मोठ्या प्रवासी विमानांच्या दुरुस्तीचा कारखाना आहे. तिथे सकाळी सही करून विमान खोलणारी माणसं पगार घेऊन तेच काम करतात, जे तुमचं पोरगं पडवीत करतंय. पोराचा नाद मोडायची गरज नाही, त्याला वाट दाखवा.

शेवटी विम्याची पॉलिसी काढून बघा. बहुतेक अपघात विम्यांत उडताना झालेला अपघात धरत नाहीत. तिकीट काढून प्रवासी म्हणून बसलं असेल, तेवढाच धरतात. शेजाऱ्याच्या गोठ्यावर यंत्र पडलं तर भरपाई तुमच्या खिशातून जाईल. एजंटला तोंडी विचारू नका, लेखी विचारा. त्याचं उत्तर त्या वहीतच चिकटवून ठेवा.