ताट आपले, भूक बाळाची



"आमचे मूल काहीच खात नाही." आपल्या समाजात दोन घरे एकत्र आली की पाच मिनिटांत हे वाक्य कानावर येते. आई हिब्रूत तक्रार करते, आजी मराठीत उत्तर देते, "आमची मुले नाही का सगळे खायची?" मग दोघींचे वाजते. आणि ज्याच्यावरून हे चालले आहे तो दोन वर्षांचा साहेब कोपऱ्यात बसून बांबाची पिशवी रिकामी करीत असतो.

या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. ताटात काय वाढायचे, केव्हा वाढायचे आणि कुठे बसून जेवायचे, हे मोठ्यांनी ठरवावे. त्यातले खायचे की नाही आणि किती खायचे, हे मुलाला ठरवू द्यावे. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची ही वाटणी कित्येक वर्षांपूर्वी सांगितली आणि आज अनेक देशांतले बालरोगतज्ज्ञ तेच सांगतात. आपल्या घरांत मात्र उलटे चालते. काय खायचे ते मूल ठरवते, म्हणजे रोज श्निट्झेल, पास्ता आणि कोरडा पांढरा भात. आणि किती खायचे ते चमचा हातात घेऊन आपण ठरवतो.

आधी भूक का कमी होते ते पाहू. तीन किलोचे जन्मलेले बाळ वर्षाचे होईपर्यंत नऊ-दहा किलोचे होते. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोने वाढते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. म्हणून दहाव्या महिन्यात वाटीभर पेज संपवणारे मूल दीड वर्षाचे झाल्यावर चार चमच्यांत तोंड फिरवते. त्यात याच वयात नव्या पदार्थाची धास्ती वाटू लागते. काल आवडलेला भोपळा आज थुंकला जातो. हे बहुतेक मुलांत होते आणि पाच-सहा वर्षांपर्यंत हळूहळू ओसरते. या वयात वाढण्याचे सोपे माप असे: वयाच्या प्रत्येक वर्षामागे प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भात, दोन चमचे डाळ, दोन चमचे भाजी. हवे असेल तर ते आणखी मागेल.

आजीची बाजूही समजून घेतली पाहिजे. कोकणातल्या गावात किंवा मुंबईच्या एका खोलीत भावंडांच्या गर्दीत वाढलेल्यांना ताटात उरलेला घास म्हणजे पाप वाटे. जे इस्राएलला लवकर आले त्यांनी १९४९ ते १९५९ या दशकातले रेशन पाहिले, मआबारातले तंबू आणि पत्र्याच्या खोल्या पाहिल्या, मोजून मिळणारी अंडी पाहिली. त्या काळात मुलाला शेवटचा घास भरवणे हे शहाणपणच होते. पण आज नातवासमोर टंचाई नाही. त्याच्या हाताशी दिवसभर काही ना काही खाऊ असतो. टंचाईतला नियम सुबत्तेत लावला की मूल आपल्या पोटाचे ऐकायला विसरते.

चिऊ-काऊचे घास मलाही प्रिय आहेत. खेळ म्हणून जरूर भरवा. मात्र तोंड घट्ट मिटलेल्या मुलाला चिऊच्या नावाने आणखी चार घास कोंबणे, किंवा फोनवर कार्टून लावून त्याच्या नकळत वाटी संपवणे, यांत खेळ राहत नाही. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बालवाडीतल्या मुलांना सूप दिले होते. ज्या वेळी "संपव, संपव" म्हणून मागे लागले, त्या वेळी मुले कमी प्यायली आणि सुपाला नावे ठेवू लागली. मागे न लागता समोर ठेवले तेव्हा जास्त प्यायली. नवा पदार्थ आवडायला तो दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो. आपण तिसऱ्या वेळेला "त्याला वांगे आवडत नाही" असे जाहीर करतो आणि मग ते वांगे घरातून दहा वर्षे हद्दपार होते.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते सांगते. टिपत खलावमध्ये बाळाला चौथ्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत लोहाचे थेंब द्यायला सांगतात. थेंब थांबतात त्याच सुमारास खाण्याचे नखरे सुरू होतात. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ७ मिलिग्रॅम लोह लागते आणि आता ते सगळे ताटातून यायचे असते. नेमके तेव्हाच घाबरलेली आई किंवा आजी म्हणते, "जेवला नाही ना, निदान बाटलीभर दूध तरी पिऊ दे." दुधात लोह जवळजवळ नसते. दुधाने पोट भरते, म्हणून पुढचे जेवण जात नाही, म्हणून पुन्हा बाटली. असे काही महिने गेले की मूल फिकट, किरकिरे होते. लोह कमी पडल्याने भूक आणखी मंदावते, आणि या वयात मेंदूची वाढ जोरात असल्याने पुढे शिकण्यावरही परिणाम होऊ शकतो. म्हणून वर्षानंतर दिवसाला दोन पेले, म्हणजे अर्ध्या लिटरपर्यंतच दूध, तेही पेल्यातून. रात्रीची बाटली बंद करावी, दातही वाचतील. आणि एक गोष्ट आपल्याच घरांतली: चहात बुडवलेले बिस्किट लहान मुलाला देऊ नये. चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही.

मग द्यायचे काय? माझे उत्तर वेगळ्या 'मुलांच्या जेवणात' नाही, आपल्याच चुलीवरच्या भांड्यात आहे. तिखट घालण्याआधी मुलाची वाटी बाजूला काढली की काम झाले.

वालाचे बिरडे घ्या. भिजवून, मोड आणून, सोललेले वाल शिजल्यावर लोण्यासारखे मऊ होतात. नारळाच्या दुधातले सौम्य बिरडे भातात कालवले की दात नीट न आलेले मूलही खाते. तिशा बेआवच्या सणाला आपण ते आठवणीने करतो. महिन्यातून दोनदा केले तर काय बिघडेल? मसूर आणि मूग यांतही लोह चांगले असते. त्यावर लिंबू पिळा किंवा बाजूला टोमॅटो, लाल सिमला मिरचीचे पातळ काप ठेवा. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतले लोह अधिक शोषले जाते.

मांस खाणाऱ्या घरात कोंबडीच्या मांडीचे मऊ शिजवलेले मांस किंवा टर्कीचे लाल मांस द्यावे. हिब्रूत टर्कीला आणि आपल्या भारताला एकच शब्द आहे, होदू. म्हणजे तेही आपल्याच गावचे समजा! मांसाबरोबर दूध न घेण्याचा आपला नियम इथे उपयोगी पडतो, कारण दुधातले कॅल्शियम लोहाच्या आड येते. तो नियम आरोग्यासाठी केला असे माझे म्हणणे नाही, पण पाळणाऱ्याच्या मुलाला त्याचा फायदा होतो एवढे खरे. मासळी आपल्या नारळी रश्शातच द्यावी, फक्त प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपून काटे काढावेत.

नाचणी आता इथल्या भारतीय दुकानांतही मिळते. १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. नारळाच्या दुधातली नाचणीची खीर, गोडीला कुस्करलेला खजूर, साखर नाही. दूध नको म्हणणाऱ्या मुलालाही ती चालते. तांदळाच्या घावनात किसलेला किशू किंवा गाजर घाला. बाहेरच्या पदार्थांनाही माझी ना नाही. अंडे, हुम्मुस, पातळ केलेला तहिना, कॉटेज चीज, अवोकाडो हे सगळे चांगलेच. ताटात एक ओळखीचा पदार्थ नेहमी असावा, बाकीचे दोन आपण ठरवावेत.

बांबाबद्दल न्यायाने बोलले पाहिजे, कारण त्यात निम्म्याच्या आसपास शेंगदाणा असतो. २००८ साली ब्रिटनमधल्या आणि इस्राएलमधल्या ज्यू मुलांची तुलना झाली. शेंगदाण्याची अॅलर्जी तिकडे १.८५ टक्के मुलांना होती, इथे ०.१७ टक्के. पुढे २०१५ साली लंडनमधल्या मोठ्या प्रयोगाने दाखवले की पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केला तर अॅलर्जी पुष्कळ टळते. ज्या बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी आहे, त्याच्या बाबतीत मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. हे सगळे खरे, पण बाळाला थोडा बांबा चाखवणे वेगळे आणि दोन वर्षांच्या मुलाने दुपारच्या जेवणाआधी अख्खी पिशवी संपवणे वेगळे. बाकीच्या पाकिटांचे काय ते २०२० पासून लागणारी लाल चिन्हे सांगतात: मीठ जास्त, साखर जास्त, चरबी जास्त. दोन वर्षांखालच्या मुलाला वरची साखर नकोच. रसापेक्षा फळ आणि तहानेला पाणी.

मलिद्याबद्दलही एक सूचना. एलियाहू हन्नवीचा मलिदा मुलाच्या हाती जरूर द्यावा; पोहे, खोबरे, खजूर यांत वाईट काय? पण त्यातले बदाम-पिस्ते पाच वर्षांखालच्या मुलाच्या वाटीतून काढून टाकावेत किंवा अगदी बारीक पूड करूनच घालावेत. द्राक्षे उभी चार तुकडे करून द्यावीत. अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न आणि सूर्यफुलाच्या बियाही नकोत. घशात अडकून श्वास कोंडण्याचा धोका खरा आहे, आणि सण-समारंभाच्या गर्दीत लक्ष नसते.

काही लक्षणे नखरे म्हणून सोडू नयेत. वाढीच्या तक्त्यावर वजन खाली घसरत असेल, खाताना वारंवार ठसका लागत असेल, मूल माती किंवा बर्फ खात असेल, फिकट दिसत असेल, किंवा आधी खात असलेले पदार्थ एकेक करून सोडत मोजक्या चार-पाच पदार्थांवर आले असेल, तर टिपत खलावमध्ये किंवा कुपत खोलीमच्या बालरोगतज्ज्ञांकडे जावे. रक्त तपासणे सोपे आहे. आजीनेही सोबत जावे. घरात दोन मते असतील तर तिसऱ्याकडून एकच मत ऐकलेले बरे.

येत्या शुक्रवारी किद्दुश आणि मोत्झी झाल्यावर मुलाला सगळ्यांबरोबर टेबलाशी बसवा. त्याच्या ताटात हल्लाचा तुकडा, थोडा रस्सा-भात आणि चमचाभर भाजी वाढा. मग त्याच्या ताटाकडे बघू नका, आपले जेवा आणि गप्पा मारा. त्याने भाजीला हात लावला नाही तरी एक शब्द बोलू नका. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला आणि पुढच्या जेवणापर्यंत पाण्याशिवाय काही देऊ नका. रोजच्या जेवणालाही हेच ठेवा. दोन-तीन आठवडे घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः लाडक्या आज्या-आजोबांनी, हे पाळून पाहावे आणि काय झाले ते आम्हाला लिहून कळवावे.