ड्रेन नट उघडण्याआधी

गणपतीच्या तोंडावर कामोठ्यातल्या गॅरेजवाल्यांना जेवायला फुरसत नसते. कोकणात निघालेली गाडी ‘जरा ऑइल बघून द्या’ म्हणत गाळ्यासमोर उभी राहते आणि याच घाईत ऑइल बघायची पद्धत बिघडते. जागा नाही म्हणून दोन चाकं फुटपाथवर, दोन रस्त्यावर. इंजिन आत्ताच बंद केलेलं. पोरगा पट्टी ओढतो, ऑइल खालच्या खुणेपाशी दिसतं, लगेच अर्धा लिटर ओतलं जातं. वर हेडमध्ये गेलेलं ऑइल चेंबरमध्ये उतरायला पाच-दहा मिनिटं लागतात, आणि गाडी तिरपी असेल तर पट्टी खरं सांगतच नाही. बहुतेक मोटारींत दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचाच फरक असतो. जास्त झालेलं ऑइल क्रँक घुसळतो, फेस होतो, आणि फेसाळ ऑइल बेअरिंगला दाब देत नाही.

सपाट जागा आणि थोडा धीर एवढं तर हवंच. पण आमचा खरा आग्रह वेगळा आहे. सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीचा ड्रेन नट उघडण्याआधी पट्टी काढा आणि जॉब कार्डवर किलोमीटरच्या आकड्याशेजारी लेव्हल लिहा. नवं ऑइल भरल्यावर आपण सगळेच पाहतो. जुनं मात्र न बघता डब्यात जातं. गाडी ऑइल पिते की नाही, याचा पुरावाच आपण ओतून टाकतो. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याच्या भरवशावर राहू नका. बहुतेक गाड्यांत तो लेव्हलचा नसून प्रेशरचा असतो. तो लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

रंगावरही जाऊ नका. सीएनजीत काजळी कमी, त्यामुळे ऑइल जुनं झालं तरी स्वच्छ दिसतं. डिझेलचं ऑइल थोड्या दिवसांतच काळं पडतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दुधाळ दिसलं तर मात्र पाणी शिरल्याचा संशय घ्या आणि गाडी पुढे सोडू नका.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस ६ डिझेल गाड्यांनी तर जुना हिशेबच उलटा केला. यांत लेव्हल वाढू शकते. डीपीएफमधली, म्हणजे धूर गाळणाऱ्या फिल्टरमधली, काजळी जाळायला अनेक इंजिनं जादा डिझेल सिलिंडरमध्ये सोडतात. सेक्टरमधून मानसरोवर स्टेशन आणि परत, एवढीच गाडी फिरत असेल तर ती प्रक्रिया अर्ध्यात तुटते, पुन्हा सुरू होते, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. पट्टी वरच्या खुणेपलीकडे भिजलेली दिसते, गिऱ्हाईक खूश होतं, ‘गाडी ऑइल अजिबात खात नाही’ म्हणतं. प्रत्यक्षात ते पातळ झालेलं असतं. पट्टीचा वास घ्या, डिझेल कळतं. अशा गाडीचं थोडं ऑइल काढून लेव्हल जुळवू नका. ऑइल फिल्टरसकट सगळं बदला, डीपीएफला चालणारं लो-अ‍ॅश ऑइल भरा. मगच गिऱ्हाइकाला सांगा, की डीपीएफचा दिवा लागला तर कळंबोलीहून एक्स्प्रेसवेला लागायचं आणि दिवा विझेपर्यंत एका लयीत गाडी चालवायची, मध्ये बंद करायची नाही.