दोन बाटल्यांचा गुन्हेगार

जोतीराव फुल्यांनीं १८८० सालीं, पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद असतांना, शहरांत वाढत चाललेल्या दारूच्या गुत्त्यांविरुद्ध लेखी हरकत घेतली. त्यांच्या मागें चालणारे आम्ही दारूचा कैवार घेणार नाहीं, हें वाचकांस सांगावयास नको. कुणब्याचें रान, सुताराचीं हत्यारें आणि बायकोच्या गळ्यांतलें डोरलें या एका व्यसनापायीं सावकाराच्या घरीं गेलेलें आम्हीं पाहिलें आहे. परंतु दारूबंदीच्या नांवाखालीं फौजदारी कोर्टांत जें चालतें, तें पाहून गप्प बसणें हेंही पापच होय.

गेल्या आठवड्यांत शाळेंतली एक मुलगी पुन्हां गैरहजर दिसली. आईची तालुक्याच्या कोर्टांत तारीख, आणि धाकट्या भावाला सांभाळायला घरीं कोणी नाहीं. आईजवळ हातभट्टीच्या दोन बाटल्या सांपडल्या, हा गुन्हा. तिनें त्या विकावयास ठेवल्या असतील तर कायद्याप्रमाणें शिक्षा व्हावी. पण खटला दोन वर्षें लोंबकळत आहे. दर तारखेला रोज बुडतो, एस. टी. चें भाडें पडतें. कधीं साक्षीदार नाहीं, कधीं रासायनिक तपासणीचा अहवाल नाहीं. ज्यानें ती दारू गाळली आणि जो ती गांवोगांव पोंचवितो, त्याचें नांव मात्र कागदावर नाहीं. निकालापूर्वींच बाईची शिक्षा भोगून झाली, आणि तिच्याबरोबर लेकीचीही!

मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. महाराष्ट्रांत आतां तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो. ताब्यांत दारू सांपडली आणि तिचा समाधानकारक खुलासा देतां आला नाहीं, तर गुन्हा घडला असें धरून चालण्याची सोय त्याच्या कलम १०३ मध्यें आहे. म्हणून दारू खरोखर याच माणसाजवळ सांपडली काय, हा प्रश्न सर्वांत मोठा. आणि त्याचें उत्तर पंचनाम्यांत असतें. आपले पंच काय करतात? हवालदारानें हाक मारली कीं जातात, न वाचतां सही ठोकतात, आणि पुढें कोर्टांत ‘मला कांहीं ठाऊक नाहीं’ म्हणून मोकळे होतात. अशानें खरा गुन्हेगार सुटतो व निरपराधी अडकतो.

तेव्हां बंधुभगिनींनो, ध्यानांत धरा. पंच झालांत तर जागेवर जा, बाटली डोळ्यांनीं पाहा, ती तुमच्यासमक्ष मोहोरबंद झाली कीं नाहीं तें पाहा, मगच सही करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणें झडती व जप्ती यांचें चित्रीकरण झालें पाहिजे. तें झालें काय, हें विचारा. न केलेला गुन्हा तारखांना कंटाळून कबूल करूं नका. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें स्त्रियांस व अनुसूचित जातिजमातींस उत्पन्न न पाहतां, आणि इतर गरिबांस ठराविक उत्पन्नाच्या आंत, फुकट वकील मिळतो. तालुका विधि सेवा समितीकडे अर्ज करा. लिहितां येत नसेल तर गांवच्या मास्तराकडून लिहून घ्या.

सरकारास आमचें सांगणें थोडकें आहे. बाटलीवरून भट्टीपर्यंत आणि भट्टीवरून तिच्या धन्यापर्यंत जा. गरिबाच्या झोंपडींतल्या बाटल्या मोजून खटल्यांचा आंकडा फुगेल. गांवची दारू हटणार नाहीं.