डोमेन नावे : मालमत्ता की भाड्याची जागा?

पेढीच्या नावाची किंमत व्यापारी घराण्यांना नव्याने सांगावी लागत नाही. बाजारात उधारी मिळते ती दुकानावरील पाटी पाहून, आणि त्या पाटीमागे दोन-तीन पिढ्यांचे चोख वजन व वेळेवर चुकती केलेली देणी उभी असतात. इंटरनेटच्या युगात मात्र अजून न थाटलेल्या दुकानाचे नाव आधीच घेऊन ठेवण्याचा आणि पुढे चढ्या भावाने विकण्याचा एक वेगळाच व्यवसाय जगभर रूढ झाला आहे. तो समजून न घेता त्यात पैसा घालणे धोक्याचे आहे.

सांगलीच्या हळद बाजारातील एखाद्या अडत पेढीवर सहज घडेल असा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून आलेला मुलगा वडिलांपुढे पन्नास नावांची यादी ठेवतो. कोणत्या नावात ‘आयओटी’ आहे, कोणत्यात ‘स्मार्ट’, कोणत्यात ‘सेन्सर’. तो म्हणतो, “अण्णा, एक नाव हजार-बाराशे रुपयांना मिळते. शेतातला पंप, घरातला दिवा, गोदामातले तापमापक, सारे इंटरनेटला जोडले जाणार आहे. उद्या कंपन्यांना ही नावे लागतील. आज घेऊन ठेवू.” वडील यादी वाचून एकच प्रश्न विचारतात, “खरेदीखत होते की भाडेपट्टा?”

प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे. डोमेन नाव म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता. या पत्त्यांच्या जागतिक व्यवस्थेचा समन्वय १९९८ मध्ये स्थापन झालेली ‘आयकॅन’ ही संस्था पाहते; भारताच्या ‘डॉट इन’ नावांची नोंदवही ‘निक्सी’ सांभाळते. ‘डॉट कॉम’ नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येते. मुदत संपल्यावर पुन्हा शुल्क भरले नाही, तर थोड्या सवलतीनंतर जादा दंड भरून नाव सोडवण्यासाठी तीस दिवस मिळतात. पुढे ते कोणालाही घेता येते. म्हणजे येथे सातबारा नाही, केवळ भाड्याची पावती आहे. काही नव्या प्रत्ययांच्या नावांना पहिल्या वर्षी मोठी सूट असते आणि दुसऱ्या वर्षापासून भाडे कितीतरी पटींनी वाढते, हेही आधी वाचून घ्यावे लागते.

आता हिशेब मांडू. पन्नास नावे, प्रत्येकी बाराशे रुपये, म्हणजे वर्षाला साठ हजार. पाच वर्षांत तीन लाख. नावे विकून देणारे बाजार साधारण दहा ते वीस टक्के दलाली घेतात. वीस टक्के धरले आणि वर्षाला एकच नाव विकले गेले, तर ते पंचाहत्तर हजारांना गेले तरच त्या वर्षीचे भाडे निघते; नफ्याची गोष्ट त्यानंतरची. एकही नाव गेले नाही, तर साठ हजार खर्ची पडतात आणि पुढल्या वर्षीचे साठ हजार दारात उभे राहतात.

हळदीचा व्यापारी विचारील, मालही वर्षानुवर्षे पडून राहतोच की. हरिपूरच्या पेवांत पूर्वी हळद दीर्घकाळ टिकवली जाई. पण हळदीला बाजारात सौदा निघतो. भाव पडला तरी माल विकून मोकळे होता येते. डोमेन नावाला असा सौदा नाही. त्याचे गिऱ्हाईक बहुधा एखादेच असते. ते केव्हा येईल आणि काय देईल हे सांगता येत नाही. येणारही नाही, ही शक्यता सर्वांत मोठी.

याहून मोठा धोका शब्दांचा आहे. तंत्रज्ञान टिकते, पण त्याचे नाव टिकेलच असे नाही. आपल्या सभोवतालच्या वस्तूंत संगणक मिसळून जातील, हा विचार अमेरिकन शास्त्रज्ञ मार्क वायझर यांनी १९९१ मध्ये ‘युबिक्विटस कम्प्युटिंग’ या नावाने मांडला. पुढे यंत्रांच्या आपसांतील संदेशवहनाला ‘एमटूएम’ म्हणू लागले. ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ हा शब्द केविन ॲश्टन यांनी १९९९ मध्ये वापरला. कल्पनेचे सूत्र एकच, पण बाजाराच्या तोंडी असलेला शब्द बदलत गेला. जुन्या शब्दांची नावे घेऊन बसलेल्यांचे भाडे मात्र बदलले नाही.

अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. डिसेंबर २०१९ मध्ये ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि झिगबी अलायन्स यांनी घरातील जोडलेल्या उपकरणांसाठी समान भाषा ठरवण्याचा प्रकल्प जाहीर केला. त्याचे नाव ‘प्रोजेक्ट कनेक्टेड होम ओव्हर आयपी’, संक्षेपाने ‘चिप’. मे २०२१ मध्ये तेच नाव बदलून ‘मॅटर’ झाले. प्रकल्प यशस्वी होईल हा अंदाज बरोबर ठरूनही, ‘चिप’ जोडून नावे घेणाऱ्याचा डाव हुकला असता. याउलट २०१९ मध्ये ‘व्हॉइस डॉट कॉम’ हे नाव तीन कोटी डॉलरना विकले गेले. ‘व्हॉइस’ म्हणजे आवाज, हा रोजच्या वापरातला साधा शब्द. तंत्रज्ञान बदलले म्हणून तो शिळा होत नाही. अर्थात असे शब्द फार पूर्वीच इतरांच्या हाती गेले आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

प्रत्ययाचेही तसेच. तंत्रज्ञ मंडळींना प्रिय असलेला ‘डॉट आयओ’ हा मुळात ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचा प्रत्यय. तेथील चागोस बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याची घोषणा ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली आणि मे २०२५ मध्ये करारावर सह्या झाल्या. त्यामुळे या प्रत्ययाच्या भवितव्याचीच चर्चा सुरू झाली. असे पूर्वी घडलेही आहे: युगोस्लाव्हिया नकाशावरून गेल्यावर त्याचा ‘डॉट वाययू’ २०१० मध्ये बंद झाला.

शेवटचा मुद्दा धर्माचा आणि कायद्याचाही. कोणा कंपनीच्या प्रसिद्ध नावाला एखादे अक्षर किंवा शब्द जोडून डोमेन घ्यायचे आणि तिच्याकडून पैसे काढायचे, हा मार्ग काहींना सोपा वाटतो. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते असे स्पष्ट केले. दुहेतूने घेतलेले नाव लवादाच्या निर्णयाने काढून घेतले जाते. आपल्या परंपरेला तर हे कळायला न्यायालयाची वाट पाहावी लागली नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे खऱ्यासारखे भासणारे नकली पुढे करून केलेला व्यवहार, स्पष्ट नोंदवला आहे. आणि गरज नसताना शेकडो नावे अडवून बसणे परिग्रह-परिमाणाच्या कोणत्या ओळीत बसते, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासावे.

मग या वाटेला जाऊच नये का? तसे नाही. सर्वांत आधी स्वतःच्या पेढीचे नाव ‘डॉट इन’ आणि ‘डॉट कॉम’ दोन्हींत पाहावे व मिळाल्यास घ्यावे. ते पेढीच्याच नावावर नोंदवावे. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या किंवा एखाद्या नोकराच्या नावावर नको. नूतनीकरणाची तारीख जीएसटीच्या तारखांबरोबर भिंतीवर लिहावी. त्यापलीकडे हौस असेल, तर चार-पाच साधी, उच्चारायला सोपी, कोणाच्याही व्यापारचिन्हाला न भिडणारी नावे घ्यावीत. त्यांतला पैसा पूर्ण बुडाला तरी घरखर्चाला, मुलींच्या शिक्षणाला किंवा पेढीच्या भांडवलाला धक्का लागू नये. खरेदी-विक्री नित्याची झाली, तर ते व्यवसायाचे उत्पन्न ठरू शकते. त्याची नोंद वहीत हवीच.

प्रसंगातील वडिलांनीही बहुधा हेच केले असते. पन्नास नावांवर रेघ ओढून चार ठेवली असती, पाचवे म्हणून पेढीचे स्वतःचे नाव वर लिहिले असते, आणि मुलाला सांगितले असते, “तीन वर्षे थांबू. एकही गेले नाही, तर चौथ्या वर्षी भाडे भरायचे नाही. पेढीचे नाव मात्र कधी सुटता कामा नये. ते विकायचे नाही, सांभाळायचे आहे.”