जुने घर, नवा सावकार

मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत सध्या एक धंदा जोरात आहे. जुनी खोली, जुना फ्लॅट, पडायला आलेले बैठे घर स्वस्तात उचलायचे. डागडुजी करून रंग मारायचा. मग ते भाड्याने द्यायचे किंवा पुनर्विकासाची वाट बघायची आणि चढ्या भावाने विकून मोकळे व्हायचे. याला 'गुंतवणूक' असे भारदस्त नाव मिळाले आहे. वर्तमानपत्रांच्या मालमत्ता पुरवण्यांत त्यावर सल्ले छापून येतात. जुने घर कसे हेरावे, भाव कसा पाडावा, दुरुस्तीवर किती खर्च करावा, कर्ज कोठून घ्यावे, हे सगळे त्यांत असते. एक प्रश्न मात्र त्यांत नसतो. ते घर स्वस्तात विकणारा कोण? आणि त्याला ते स्वस्तात का विकावे लागते?

हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे, कारण विकणाऱ्यांच्या रांगेत आपली माणसे उभी आहेत. आपल्या आजोबा-वडिलांनी गिरणीत, गोदीत, रेल्वेत, नगरपालिकेच्या सफाई खात्यात हाडाची काडे करून शहरात एक खोली मिळवली. गावकुसाबाहेरच्या माणसाला शहरात मिळालेला तो पहिला हक्काचा कोपरा. तीच खोली आज तिसऱ्या पिढीच्या हातून निसटते आहे. ती कोणी दांडगाईने हिसकावत नाही, रीतसर सही घेऊन काढून घेतली जाते.

हे कसे घडते, ते हिशेबानेच पाहू. समजा, एका जुन्या सोसायटीत 60 लाखांना जाईल असा फ्लॅट आहे. भाग दाखला वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. वारस चार, पण नोंद एकाचीही नाही. छत गळते आहे. अशा घरावर बँक ग्राहकाला कर्ज देत नाही. साहजिकच कर्ज काढून घर घेणारा नोकरदार माघारी जातो. उरतो तो रोख पैसा बाळगणारा. तो 42 लाख सांगतो. घरात आजारपण असते, मुलीचे लग्न असते, नाहीतर भावांची भांडणे असतात. व्यवहार होतो. घेणारा 6 टक्के मुद्रांक शुल्काचे 2 लाख 52 हजार आणि नोंदणीचे 30 हजार भरतो. वारसांच्या कागदांवर लाखभर आणि दुरुस्तीवर 4 लाख खर्च करतो. एकूण 49 लाख 82 हजार. वर्ष-दीड वर्षात तोच फ्लॅट कागदोपत्री स्वच्छ होऊन 60 लाखांना जातो. आयकर बाजूला ठेवला तर दहा लाखांहून अधिक शिल्लक राहते.

आता सांगा, हे दहा लाख आले कोठून? गिलावा आणि रंगातून आले काय? गिलाव्याचे 4 लाख तर खर्चात आधीच धरले आहेत. हा नफा विकणाऱ्याच्या अडचणीतून आला. त्याच्याकडे कागद नव्हता, कर्ज नव्हते आणि थांबण्याची ताकद नव्हती. घेणाऱ्याकडे या तिन्ही गोष्टी होत्या. पूर्वी गावात सावकार अडलेल्याची जमीन लिहून घ्यायचा. शहरातला हा नवा सावकार व्याज लावत नाही, तो थेट घरच घेतो.

बँकांचे नियम वरवर सर्वांना सारखे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, 30 ते 75 लाखांपर्यंतच्या कर्जात 80 टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे 75 टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. म्हणजे 40 लाखांच्या घरासाठी 32 लाख बँकेचे आणि 8 लाख स्वतःचे. मुंबईत त्यावर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे 2 लाख 70 हजार वेगळे. दुरुस्तीचा खर्च तर अजून धरलेलाच नाही. दलाली, वकील आणि दुरुस्ती सोडून पावणे अकरा लाख हाताशी असल्याशिवाय दारात पाऊल पडत नाही. ज्याच्या घरात मागच्या पिढीची मालमत्ता आहे, त्याला ही रक्कम बापाकडून मिळते. ज्याच्या बापाला गावात विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्याने ती कोठून आणायची? नियम सारखा असला तरी तो असमान जमिनीवर उभा आहे. पागडीच्या घराची गोष्ट तर त्याहून वेगळी. तेथे भाडेकरूकडे मालकीच नसल्याने गहाण ठेवायला बँकेला काही मिळत नाही आणि सगळा व्यवहार रोखीवरच चालतो.

बाबासाहेबांनी 1918 साली भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला होता. सगळे अर्थतज्ज्ञ म्हणत होते की शेताचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती परवडत नाही. बाबासाहेबांनी ही मांडणीच उलटवली. शेत परवडते की नाही, हे नुसत्या आकारावर ठरत नाही. त्या शेताला भांडवल, अवजारे आणि श्रम किती प्रमाणात मिळतात, यावर ते ठरते, असे त्यांनी दाखवून दिले. हाच विचार घराला लावून पाहा. आपले घर जुने आहे, लहान आहे, हा त्याचा दोष नाही. त्याला भांडवल मिळत नाही, हा दोष आहे. तेच घर दुसऱ्याच्या हातात गेले आणि भांडवल मिळाले की सोन्याचे होते.

भांडवल नाकारून घर लुटण्याचा हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. ज्या अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून 1972 मध्ये दलित पँथरने नाव घेतले, त्या देशातील कृष्णवर्णीयांनी तो भोगला आहे. तेथे 1930 च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात दाखवल्या. 1934 मध्ये स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने अशा वस्त्यांतील कर्जांना हमी नाकारली. बँकांची दारे बंद झाली आणि दलालांचे फावले. शिकागोच्या लॉनडेलसारख्या भागात त्यांनी गोऱ्या कुटुंबांना 'काळे लोक येत आहेत' अशी भीती घातली आणि जुनी घरे पडत्या भावात घेतली. तीच घरे कृष्णवर्णीय कामगारांना मनमानी भावाने हप्तेकरारावर विकली. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच. दुरुस्ती आणि कर मात्र राहणाऱ्याच्या माथी. एक हप्ता चुकला की घरही गेले आणि भरलेले पैसेही गेले. या व्यवहारांतून 1950 आणि 1960 च्या दशकांत शिकागोतील कृष्णवर्णीयांची 3 ते 4 अब्ज डॉलरची संपत्ती लुटली गेली, असा अंदाज 2019 साली ड्यूक विद्यापीठातील संशोधनाने मांडला.

पण ते लोक नुसते रडत बसले नाहीत. 1968 साली लॉनडेलच्या रहिवाशांनी 'कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग' ही संघटना उभारली. त्यांनी सगळ्यांचे करार एकत्र आणून ताडून पाहिले. एकट्याला जी आपली दुर्दैवाची गोष्ट वाटत होती, ती गल्लीतल्या प्रत्येकाची निघाली. त्यांनी हप्ते रोखले, न्यायालयात गेले आणि शेकडो करार बदलून घेतले. आपल्याला यातून घ्यायचे ते हेच. आपापले कागद कपाटात लपवून प्रत्येकजण एकटा लुटला जातो. कागद एकत्र आले की लूट दिसते.

बीडीडी चाळी हे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण. 1920 च्या दशकात बांधलेल्या, 160 चौरस फुटांच्या खोल्यांच्या, सामाईक संडासांच्या या चाळी. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील 195 चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन 2017 साली झाले. वरळीत प्रत्यक्ष कामाचा शुभारंभ 2021 मध्ये झाला आणि पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या त्या ऑगस्ट 2025 मध्ये. 160 फुटांच्या जागी 500 चौरस फुटांचे घर. ज्याला इतकी वर्षे थांबता आले, त्याच्या पदरात हे घर पडले. ज्याला आजारपणाने, कर्जाने, बेकारीने थांबू दिले नाही, त्याच्या वाट्याचे 500 फूट दुसऱ्याच्या नावावर गेले. गरिबाची सर्वांत मोठी गरिबी हीच की त्याला थांबता येत नाही.

येथे एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. घेणारा नेहमीच परका धनदांडगा नसतो. आरक्षणामुळे आपल्यात अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर, बँक कर्मचारी असा वर्ग उभा राहिला आहे. त्याच्याकडे शिल्लक आहे, कर्ज मिळवण्याची पत आहे. तोही आता दुसरे, तिसरे घर शोधतो आहे. त्याने गुंतवणूक करू नये, असे आम्ही म्हणणार नाही. पिढ्यान्पिढ्या मालमत्तेपासून दूर ठेवलेल्या समाजाने मालमत्ता करणे, हाही मुक्तीचाच एक भाग आहे. परंतु वस्तीतल्या विधवा बाईची खोली घेताना पुनर्विकासाचा प्रस्ताव कोठवर आला आहे, हे तिच्यापासून लपवायचे आणि चौदा एप्रिलला व्यासपीठावरून समतेवर भाषण ठोकायचे, हे चालणार नाही. योग्य भाव द्या. तिला खरी माहिती द्या. तिला विकायचेच नसेल, तर कागद करायला मदत करा. आणि घर भाड्याने देताना आडनाव विचारू नका. आपल्याला आडनाव विचारून किती दारांवरून परत पाठवले गेले, ते आठवा.

मग करायचे काय? पहिले काम कागदांचे. वडील-आजोबांच्या नावावरचे भाग दाखले, भाडेपावत्या, करपावत्या बाहेर काढा आणि वारसनोंद करून घ्या. त्यात बहिणींची नावे गाळू नका. सोसायटीच्या जमिनीचे अभिहस्तांतरण बिल्डरने केले नसेल, तर 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला केला आहे. त्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. जमीन सोसायटीच्या नावावर आली, तरच पुनर्विकासात तुमच्या शब्दाला वजन येते.

दुसरे काम, जुने घर घेणाऱ्यांचे. केवळ कुलमुखत्यारपत्रावर घर घेऊ नका. अशा कागदाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले आहे. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल, तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागा. थकबाकी, मंजूर नकाशा आणि सोसायटीचा ना हरकत दाखला पाहा. दुरुस्तीचा अंदाज गवंड्याकडून लेखी घ्या आणि तो पैसा बाजूला काढल्याशिवाय बयाणा देऊ नका. महाराष्ट्रात घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले, तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत 2021 पासून आहे. तिचा लाभ घ्या.

तिसरे काम सर्वांत मोठे आणि ते एकट्याचे नाही. अडलेल्याला घर न विकता थांबता यावे, इतके भांडवल समाजात फिरले पाहिजे. आपल्या पतसंस्था आहेत, कर्मचाऱ्यांच्या सोसायट्या आहेत. त्यांनी मोटारसायकल आणि लग्नासाठी कर्ज द्यावे, तसेच वारसनोंद, छताची दुरुस्ती आणि इस्पितळाचे बिल यांसाठीही द्यावे. 4-5 लाखांचे असे कर्ज एका कुटुंबाचे 60 लाखांचे घर वाचवू शकते. राज्य सरकारने 2019 मध्ये स्वयंपुनर्विकासाला प्रोत्साहन देणारा निर्णय काढला. रहिवाशांनी बिल्डरशिवाय स्वतःची इमारत स्वतः उभी करायची, ही ती वाट आहे. आपल्या किती सोसायट्यांनी तो निर्णय वाचला आहे?

आपल्या विहारांत दर रविवारी वंदना होते, प्रवचन होते. त्यानंतरचा अर्धा तास वस्तीतल्या घरांच्या कागदांसाठी ठेवा. एक वकील, एक बँक कर्मचारी आणि एक अभियंता, इतकी माणसे आता प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांनी त्या अर्ध्या तासात बसावे. ज्याच्या दारात दलाल येऊन गेला असेल, त्याने सही करण्याआधी तेथे यावे. जयभीम!