आतून उघडणारे दार

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. दुपारचे अडीच वाजले असतील. दवाखाना बंद करून मी जेवायला निघालो होतो, तेवढ्यात एक रिक्षा दारात थांबली आणि दोघांनी धरून एका वीसेक वर्षांच्या मुलाला आत आणले. बाहेर चाळीस अंशांचे ऊन, आणि हा मुलगा अंगावर पोते पांघरून थडथड उडत होता! बरोबरच्यांनी सांगितले, “डॉक्टर, हिवताप दिसतोय.” मलाही पहिल्या क्षणी तसेच वाटले, खोटे कशाला सांगू? पण त्याचा हात हातात घेतला तर बर्फाच्या लादीवरून उचलल्यासारखा गार. ओठ निळसर. नाव विचारले तर जीभ अडखळत होती. पाऱ्याचा जुना थर्मामीटर मी अजून ठेवून आहे. तो लावला, तर पारा खालच्या खुणेवरून वर सरकेना. ताप मोजायच्या थर्मामीटरवर ३५ अंश सेल्सिअसच्या खाली आकडाच नसतो. मग मी जरा आवाज चढवून विचारले, “हा होता कुठे?” तेव्हा त्यातला एक जण चाचरत म्हणाला, “कोल्ड रूममध्ये अडकला होता.”

वाचकहो, हा मुलगा एका मंगल कार्यालयाच्या भटारखान्यात कामाला होता. तिथे आठ बाय दहाची कोल्ड रूम आहे, आत तापमान तीन अंश. पनीरचे डबे आणायला तो आत गेला. नुकतीच भाजी धुतलेली, त्यामुळे बनियन ओला. डबा मागच्या बाजूला होता म्हणून क्रेट हलवीत बसला. बाहेरून जाणाऱ्या दुसऱ्या पोऱ्याला कोयंड्यात कुलूप लोंबकळताना दिसले. पनीर चोरीला जाते म्हणून मालकाची सक्त ताकीद, तेव्हा त्याने इमानाने कडी घातली, कुलूप लावले, बाहेरचे दिव्याचे बटण बंद केले आणि तो पंगतीत वाढायला गेला. आत हा अंधारात. पंख्याचा गार झोत अंगावर. दार ठोठावले, ओरडला. पण पंखा घरघरतोय, बाहेर बँड वाजतोय, ऐकणार कोण? तासाभराहून जास्त वेळ गेला. शेवटी भांडी घासणाऱ्या मावशींना आवाज आला आणि मुलगा वाचला.

ओले कपडे काढले, कोरड्या चादरींत गुंडाळले, पोटाशी आणि काखेत कोमट पाण्याच्या पिशव्या कापडात गुंडाळून ठेवल्या, नीट गिळता येते असे पाहून गोड चहा पाजला. दोन तासांत तो माणसात आला. संध्याकाळी मालक स्वतः चौकशीला आले. माणूस वाईट नाही. औषधाचे पैसे त्यांनीच दिले. मी त्यांना विचारले, “दाराला आतून उघडायची सोय नाही का हो?” ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आतून सोय कशाला? चोर काय आतून येतो?”

या उत्तरावर मला आधी हसू आले आणि मग झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती खोली पाहायला गेलो. गंमत म्हणजे, आतून उघडायची सोय होती! चांगल्या बनावटीच्या कोल्ड रूमच्या कडीला आतल्या बाजूने एक नॉब किंवा ढकलायचा दांडा असतो. तो दाबला किंवा फिरवला की बाहेरची कडी सुटते, आणि त्या कडीच्या स्वतःच्या जागेत कुलूप घातलेले असले तरीही सुटते. तशीच तिची रचना केलेली असते. या मालकांनी काय केले? कडीचे कुलूप तकलादू वाटले म्हणून शेजारच्या वेल्डरकडून जाड लोखंडी कोयंडा दाराला वेगळा ठोकून घेतला. झाले! आतला नॉब हजार वेळा दाबा, कडी सुटेल, कोयंडा कसा सुटेल? दोनशे-चारशे रुपयांच्या कोयंड्याने कारखान्यात विचारपूर्वक केलेली सोय फुकट घालवली.

ही खोली तीन अंशांची होती म्हणून मी हे इतक्या निवांतपणे लिहितो आहे. आईस्क्रीम, मटार, मासळी, चिकन ठेवायची फ्रीजर खोली उणे १८ अंशांची असते. तिथे सुती शर्ट आणि स्लीपर घातलेला माणूस अडकला तर काय होते ते समजून घ्या. पहिल्यांदा बोटे जातात, म्हणजे बोटांतला चपळपणा जातो. काही मिनिटांत खिशातला मोबाईल काढून नंबर लावणे जमत नाही, आणि जाड पत्र्याच्या खोलीत बहुधा त्याला रेंजही नसते. शरीराचे तापमान ३५ च्या खाली गेले की कापरे जोरात भरते. ३२ च्या आसपास कापरे थांबते. बघणाऱ्याला वाटते बरे वाटू लागले, प्रत्यक्षात शरीराने लढणे सोडलेले असते. बुद्धी भ्रमते, झोप येते, काही जण तर गरम होतेय म्हणून अंगावरचे कपडे काढतात. पुढे हृदयाचे ठोके बिघडतात. हे आपल्याकडच्या गबाळ कारभारातच घडते असे नाही. अमेरिकेत अटलांटा शहरात २०१६ साली एका मोठ्या हॉटेलच्या फ्रीजर खोलीत कामावरची एक महिला मृतावस्थेत सापडली होती.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की कूलिंगच्या मिस्त्रीचे शेवटचे बिल मालकाने स्वतः आत उभे राहून, दार बाहेरून कुलूप लावून बंद करायला सांगून, आतून उघडून दाखवल्याशिवाय देऊ नये. (बाहेर किल्ली घेऊन एक शहाणा माणूस मात्र उभा ठेवावा.) आतला नॉब अंधारात चमकणारा असावा आणि त्याच्यासमोर क्रेटची थप्पी लावू नये. दिव्याचे बटण आतही हवे, वीज गेली तरी जळणारा बॅटरीचा एक छोटा दिवा हवा आणि आतून दाबता येईल अशी घंटा हवी, जिचा आवाज भटारखान्यात ऐकू येईल. फ्रीजर खोलीच्या दाराच्या चौकटीत गरम होणारी तार असते. ती जळाली की रबराला बर्फ धरतो आणि कुलूप नसतानाही दार चिकटते. शिवाय दार उघडून लावले की आत शिरलेली गरम हवा एकदम आकसते आणि दार आतल्या बाजूला ओढले जाते. त्यासाठी भिंतीत हवेची एक छोटी झडप बसवतात. पैसे वाचवायला ती गाळली असेल तर अशक्त माणसाला दार उघडत नाही. कुलूप लावण्यापूर्वी आत हाक मारायची, ही सवय तर फुकट आहे.

दाराखेरीज दुसरे भय विजेचे. भिंती पत्र्याच्या, फरशी ओली, कामगार अनवाणी. अर्थिंग नसेल तर ही खोली म्हणजे विजेचा सापळाच. अर्थिंग तपासून घ्यावे आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवावा, हे कोणताही परवानाधारक वायरमन करून देईल. पत्र्यांच्या मध्ये जो पफचा थर असतो तो पेटला तर त्याचा धूर अत्यंत विषारी असतो, म्हणून भिंतीला टेकून वेल्डिंग करू देऊ नये. वर सांगितलेला कोयंडा असाच वेल्डिंग करून बसवला होता हे आठवून मला आजही घाम फुटतो. जनरेटर बंद बोळात ठेवण्याचीही फॅशन आहे. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नाही; डोके दुखू लागते आणि माणूस बसल्या जागी कलंडतो.

तिसरे भय गॅसचे. छोट्या खोल्यांत फ्रिजसारखेच, जवळजवळ वास नसलेले गॅस असतात. ते हवेपेक्षा जड असल्याने गळाले तर तळाशी साठतात आणि प्राणवायूची जागा घेतात. यंत्रावर लिहिलेला असेल तोच गॅस मिस्त्रीने भरावा. हाताशी आहे तो भरायला ही काही सायकलची हवा नव्हे, कारण नव्या गॅसांपैकी काही पेट घेणारे आहेत. आईस्क्रीमवाले कधी कोरडा बर्फ कोल्ड रूममध्ये ठेवतात. तो उणे ७८ अंशांचा कार्बन डाय-ऑक्साईड. बंद खोलीत तो हवेत मिसळला तर आत जाणारा गुदमरतो. तो तिथे ठेवूच नये.

मोठ्या शीतगृहांत आणि बर्फाच्या कारखान्यांत अमोनिया असतो. सांगली-तासगावकडे बेदाण्याची शीतगृहे पुष्कळ आहेत, त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही. अमोनियाचा एक गुण असा की नाकाला झोंबून तो आपणहून वर्दी देतो. दुर्गुण असा की डोळे, घसा आणि फुप्फुसे यांतल्या ओलाव्यात तो विरघळतो आणि दाहक क्षाराप्रमाणे जाळतो. कॅनडात फर्नी नावाच्या गावी ऑक्टोबर २०१७ मध्ये बर्फावर खेळायच्या मैदानाच्या यंत्रणेतून अमोनिया गळून तीन माणसे दगावली. तिथले शीतयंत्र तीस वर्षांचे जुने होते आणि ते बदलावे असा सल्ला आधीच मिळालेला होता! “अजून चालतंय की” हे वाक्य केवळ मराठीत बोलले जाते असे नाही.

देखभालीचे म्हणाल तर मला माझी जुनी नोकरी आठवते. नव्वदच्या दशकात मी प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. पल्स पोलिओ मोहिमेचे पहिले दिवस. लशीच्या बर्फपेटीशेजारी एक वही टांगलेली असे. सकाळी आणि संध्याकाळी, रोज, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, तापमान वाचून लिहायचे आणि सही करायची. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे. जास्त तापली तर निकामी, आणि धनुर्वात, घटसर्प, कावीळ-ब यांच्या लशी गोठल्या तरी निकामी. आमची सिस्टर ती वही देवाच्या पोथीसारखी सांभाळी. राज्याच्या व विभागाच्या लस भांडारांत याच शिस्तीने माणूस आत शिरेल एवढ्या शीतखोल्या चालतात. लाखभर रुपयांचे पनीर-चिकन ठेवणाऱ्या माझ्या मित्रांकडे मात्र वहीही नाही आणि आतला स्वतंत्र थर्मामीटरही नाही. दारावरचा लाल आकडा काय सांगेल ते खरे.

वही ठेवली की बिघाड आधी कळतो. तीनवरून पाच, पाचवरून सात असे तापमान चढू लागले की समजावे, बाहेरच्या यंत्राच्या जाळीत पिठाची आणि तेलाची धूळ बसली आहे, नाही तर दाराचे रबर फाटले आहे, नाही तर आतल्या नळ्यांवर बर्फाची भिंत चढली आहे. जाळी महिन्यातून एकदा साफ करावी, भट्टीशेजारी असेल तर पंधरा दिवसांनी. साफ करताना मेन स्विच बंद. नळ्यांवरचा बर्फ सुरीने किंवा छिन्नीने फोडण्याचा पराक्रम करू नये. नळी फुटली की गॅस गेला. फरशीवर गोठलेले पाणी लगेच काढावे, त्यावरून घसरून मोडलेले मनगट मी दोनदा प्लास्टरसाठी पाठवले आहे. अन्नाबद्दल इतकेच, की पाच अंशांच्या वर गेलेल्या खोलीत जंतूंची वाढ सुरूच राहते. उरलेल्या भाताचे वाफाळते घमेले आत ढकलले तर शेजारचे दूधही तापते. कच्चे मांस खाली आणि शिजवलेले वर ठेवावे.

आता प्रसंग आलाच तर काय करावे? गारठलेल्या माणसाला आडवे ठेवून हळुवार हलवावे, ओले कपडे काढून कोरडे पांघरूण घालावे. शेकोटीपुढे बसवू नये, हातपाय चोळू नयेत, आणि ब्रँडी मुळीच देऊ नये. तिने कातडीला ऊब वाटते, पण शरीराची उष्णता बाहेर जाते. बोटे पांढरी, बधिर पडली असतील तर अंगाला सोसेल अशा कोमट पाण्यात अर्धा तास बुडवावीत. मात्र ती पुन्हा गोठण्याचा संभव असेल तर तसे करू नये. अमोनिया डोळ्यांत गेला तर साध्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळे धुवावेत आणि नंतर दवाखाना गाठावा. श्वासातून गेला असेल तर बरे वाटले तरी एक दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली राहावे, कारण फुप्फुसांत पाणी उशिराही भरते. आत कोणी बेशुद्ध पडलेला दिसला तर एकदम धाव घेऊ नये. दार उघडे टाकावे, वारा खेळू द्यावा, अग्निशमन दलाला बोलवावे. वाचवायला गेलेला दुसरा माणूसही तिथेच पडतो.

आणि थोडा दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. “काम काय करतोस?” हे आम्ही विचारतो आणि कागदावर ‘मजुरी’ एवढेच लिहून मोकळे होतो. त्या मुलाच्या बोटांना आधी दोनदा सूज येऊन खाज सुटली होती, मी मलम दिले होते. गारठ्यात काम करतोस का, हे विचारले नव्हते.

मंगल कार्यालयाच्या मालकांनी कोयंडा कापून टाकला, तोही खोली रिकामी करून, पाण्याची बादली जवळ ठेवून. आत दिवा आणि घंटा बसवली. मला मुद्दाम बोलावून नेले, आत उभे करून दार लावले आणि बाहेरून ओरडले, “उघडा डॉक्टरसाहेब!” मी नॉब ढकलला, दार उघडले. त्या मावशी तिथेच भांडी घासत होत्या, त्या हसल्या. मुलाने मात्र ते काम सोडले, तो आता टायरच्या दुकानात आहे. मालकांच्या भावाची स्टँडजवळ आईस्क्रीमची मोठी फ्रीजर खोली आहे. तिच्या दाराला कोयंडा आहे. मी तीन वेळा सांगून आलो. ते म्हणतात, दिवाळीनंतर बघू.