गाडी, टायर, डोकी

परकी भाषा शिकणाऱ्याच्या वहीत वाहनांची एक यादी हमखास असते. फिलिपिन्समध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या, मूळच्या बीड जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीची अशी वही मध्यंतरी आमच्या पाहण्यात आली. पहिल्या रकान्यात तागालोग शब्द, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात मराठी. त्रेन, बार्को, एरोप्लानो, बिसिक्लेता, कोत्से, कालेसा ही सारी स्पॅनिश अमलाची देणगी. तिसऱ्या रकान्यात त्यांच्यापुढे रेल्वे, जहाज, विमान, सायकल, मोटार, टांगा असे शब्द बिनचूक मांडलेले. एकाच ठिकाणी खाडाखोड होती. 'कारितोन'समोर आधी 'बैलगाडी' लिहून मग ते खोडले होते आणि पुढे लिहिले होते: 'गाडा, हाताने ढकलायचा'. त्या बेटांवर हा शब्द रेड्याने ओढायच्या गाडीलाही लागतो आणि शहरात भंगार गोळा करणाऱ्याच्या ढकलगाडीलाही. शब्द एक, पण ओढणारा कोण यावर त्याचा अर्थ ठरतो. वाहनाचे नाव शिकणे म्हणजे वस्तूचे नाव शिकणे नव्हे, हे त्या मुलीला खोडताना जाणवले असावे. आम्हांला मात्र ते वाचताना आमच्याच जिल्ह्याची आठवण झाली.

तागालोगमध्ये वाहनाला 'सासाक्यान' म्हणतात. 'साकाय' म्हणजे चढून बसणे. त्या धातूपासून 'सुमाकाय' हे क्रियापद, 'साकायान' हे चढण्याचे ठिकाण आणि 'सासाक्यान' हे वाहन. संस्कृतात 'वह्' धातूवरून 'वाहन' होते, तिथे नजर वाहून नेणाऱ्यावर आहे. तागालोगमध्ये ती बसणाऱ्यावर आहे. शालेय यादी कोणत्याही भाषेतली असो, ती बसणाऱ्याच्याच बाजूने लिहिलेली असते. जमिनीवरची, पाण्यातली आणि हवेतली वाहने अशी तिची विभागणी आपण सर्वांनीच पाठ केली आहे. त्या यादीत ओढणारा नाही आणि वाहणाराही नाही.

बीडला या यादीने दोन उलट प्रकारे चकवले आहे. पहिला प्रकार रेल्वेचा. जिल्ह्यात परळीला रेल्वे जुनी, पण जिल्ह्याच्या गावाला ती नव्हती. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. आष्टीपर्यंत गाडी २०२२मध्ये आली आणि अहिल्यानगरहून बीडपर्यंत ती धावू लागली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तीस वर्षांत बीड शहरातल्या मुलांच्या कित्येक तुकड्या आगगाडीवर निबंध लिहून, गुण मिळवून बाहेर पडल्या. शब्द आधी आणि वस्तू नंतर असा हा क्रम. त्यात विनोद आहे, पण फार मोठे नुकसान नाही.

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. वस्तू आहे, व्यवहार आहे, लाखो माणसांच्या तोंडी शब्द आहे आणि आपल्या याद्यांना व कोशांना त्याचा पत्ता नाही. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, गेवराई या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्यात परततात. मुकादमाकडून उचल घेताना करार होतो तो 'कोयत्या'चा. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा माणूस हा 'अर्धा कोयता'. हत्याराच्या नावाने माणसे मोजण्याची ही रीत आता वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ऐकून माहीत आहे. तिच्या शेजारचे वर्गीकरण तितके माहीत नाही, आणि ते सगळे वाहनांचे आहे. ज्यांच्याजवळ बैलजोडी आहे ते 'गाडी सेंटर'चे किंवा 'टायर'चे. कारखाना रबरी चाकांची गाडी देतो, बैल आपले. बाई तोडते, मोळ्या बांधते, गडी गाडी भरून कारखान्यावर नेतो आणि खाली करण्यासाठी नंबर लागेपर्यंत रात्रीबेरात्री थांबतो. ज्यांच्याजवळ बैल नाहीत ते 'डोकी सेंटर'चे. हे मालमोटारीसाठी किंवा ट्रॅक्टरसाठी ऊस तोडतात, आणि मोळी फडातून वाहनापर्यंत, लावलेल्या फळीवरून वर, डोक्यावर वाहून नेतात.

'डोकी'. या शब्दापाशी आम्हांला थांबावेसे वाटते. 'गाडी' आणि 'टायर' यांच्या पंगतीत तो बसतो, म्हणजे बोलणाऱ्यांच्या लेखी डोके हेही वाहतुकीचे एक साधनच आहे, गाडीच्या खालच्या पायरीचे. 'गाडीला का डोकीला?' या एका प्रश्नात घरात बैल आहेत की नाहीत, उचल किती मिळेल, मुक्काम कारखान्याजवळच्या वस्तीत पडेल की फडाफडाने हलत राहील, हे सारे विचारून होते. कवितेच्या तासाला आपण लक्षणेची उदाहरणे मुखचंद्रापासून शोधत बसतो. इथे अवयवासाठी माणूस आणि माणसासाठी वाहन अशी दुहेरी लक्षणा रोजच्या हजेरीत वापरली जाते.

कोशांना दोष द्यावा का? मोल्सवर्थचा कोश १८३१चा, सुधारलेली आवृत्ती १८५७ची. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचा पहिला विभाग १९३२ साली निघाला. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५०च्या हंगामातला, आणि बीडकडून जाणारे लोंढे वाढले ते १९७२च्या दुष्काळानंतर. तेव्हा त्या कोशकारांना 'डोकी सेंटर' ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. दोष आपला आहे, कारण हे शब्द आपल्या डोळ्यांदेखत घडले. रबरी चाक आले तशी लाकडी चाकाची धाव, आरा, तुंबा ही नावे मागे पडली. लोहाराने धाव तापवून चाकावर चढवायची ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावी लागते. 'टमटम'चेही तसेच. इंग्रजी अमदानीत तो एका घोड्याच्या हलक्या गाडीचा शब्द होता. घोडा गेला, शब्द तीनचाकी रिक्षावर जाऊन बसला. शब्दांची अशी चाके बदलताना नोंद करून ठेवणे हे मराठी विभागांचे काम नाही तर कोणाचे?

यावर एक आक्षेप आम्ही ऐकला आहे. हे ठेकेदारीतले शब्द आहेत, त्यांत 'सेंटर' इंग्रजी, 'टायर' इंग्रजी. यांचा वाङ्मयाशी काय संबंध? उत्तर म्हणून त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाड्या'कडे बोट दाखवावे. १९१५ सालच्या त्या ग्रंथाने कारू-नारू, वतने आणि हक्क यांची रुक्ष वाटणारी परिभाषा मांडली. आज ग्रामीण साहित्यावर लिहिणारा कोणीही त्याच्यावाचून पुढे जात नाही. त्याचे नावच मुळी एका वाहनाचे आहे, ही गोष्ट या संदर्भात गमतीची. राहिले इंग्रजी. तागालोगमधून स्पॅनिश शब्द वेचून बाहेर काढले तर त्या विद्यार्थिनीच्या वहीतला बराचसा पहिला रकाना रिकामा होईल. जीपनीत बसलेला माणूस उतरायच्या ठिकाणी 'पारा पो' म्हणतो. त्यातला 'पारा' स्पॅनिश, 'पो' हे आदराचे अस्सल तागालोग अव्यय. आपल्या काळीपिवळीत 'मास्तर, स्टॉपला घ्या' म्हणणारा याहून निराळे काय करतो?

फिलिपिन्सचे नाव निघालेच आहे तर तिथल्या उसाचेही सांगायला हवे. नेग्रोस बेटावर हंगामापुरते बाहेरून आणलेले ऊसतोड मजूर 'साकादा' म्हणून ओळखले जातात. त्या बेटाची भाषा तागालोग नव्हे, पण हा शब्द साऱ्या देशाला कळतो. १९७६मध्ये बेन सर्व्हांतेस यांनी याच नावाचा चित्रपट काढला आणि मार्कोस राजवटीने तो जप्त केला. एका मजुरी-शब्दाला राष्ट्रीय अर्थ येतो तो असा: कोणीतरी तो शीर्षकात घालतो, कोणाला तरी तो सहन होत नाही. 'डोकी' हा शब्द आपल्याकडे अजून शिवारातच आहे. आद्यकवीची समाधी मिरवणाऱ्या अंबाजोगाईच्या जिल्ह्यात तो तसा राहावा, हे आम्हांला खटकते.

यात घाईचे कारणही आहे. ऊसतोडणी यंत्रे वाढत आहेत. यंत्राला मोळी लागत नाही, डोके लागत नाही आणि बैलही लागत नाहीत. डोक्यावरचे ओझे गेले तर आम्हांला आनंदच आहे, ते वाहणाऱ्या बाईच्या मानेविषयी कोणी गहिवरून लिहावे यासाठी ते टिकावे असे कोण म्हणेल? पण ओझ्याबरोबर शब्दही नाहीसा झाला, तर ते ओझे कधी होते याचा भाषेतला पुरावाही जाईल.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतले मराठीचे विद्यार्थी अनेकदा याच घरांतून येतात. त्यांच्यापैकी काहींनी लहानपणी कोपीत राहून साखरशाळा पाहिली आहे, काही हंगामी वसतिगृहात राहिले आहेत. प्रकल्पाच्या वहीत त्यांना 'ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण' हाच विषय दरवर्षी देण्याऐवजी घरातले पन्नास शब्द लिहून आणायला सांगावे. खेप, खाडा, वाढे, फड, टोळी, उचल. प्रत्येकापुढे तो कोणी वापरला, कोणत्या वाक्यात, आणि त्यातले ओझे कोणाच्या अंगावर पडते. 'डोकी' हे स्त्रीलिंगी नाम मानायचे की नपुंसकलिंगी अनेकवचन, हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही. 'डोकीला गेलो' म्हणताना ते पहिल्यासारखे वागते, 'किती डोकी' म्हणताना दुसऱ्यासारखे. ज्यांना विचारायचे ती माणसे दिवाळीनंतर गावात सापडणार नाहीत. काम उन्हाळ्यात, टोळ्या परतल्यावर सुरू करावे लागेल.